दॉ प्वाचे दहा मुके दिवस

ब्रह्मदेशातल्या मोन्यवाच्या बाजारात पहाटे दॉ प्वाच्या गाड्यापाशी बसलं, की वाडग्यात मोहिंगा पडायच्या आधी कानात गावची खबर पडायची. कुणाच्या मुलीची सोयरीक फिसकटली, कुठल्या भिक्खूने चीवर उतरवून टायरचं दुकान टाकलं, कुणाचा जावई चार दिवसांसाठी आला तो चौथा महिना लागला तरी जायचं नाव घेत नाही. मागूर मासा, केळीचा गाभा, गवती चहाचे दांडे, भाजलेलं चण्याचं पीठ, सगळं घातलेलं कालवण ती शेवयांवर ओतायची, वर दुधीची भजी मोडून टाकायची, आणि हे चाललेलं असताना तोंड एकदाही थांबायचं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणायचे. पण तेच लोक दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे पुन्हा पाटावर हजर असायचे, तेव्हा त्यांचं फारसं मनावर घेऊ नये.

तिचा नवरा ऊ पो तुन ढोलांना कातडं चढवायचा. पंचक्रोशीतले वाजवणारे त्याच्याकडे यायचे, असा हात. पण अडतीस वर्षांच्या संसारात त्याचं एक सबंध वाक्य कुणी ऐकलं असेल तर शपथ. कारण गालात पान. सकाळचा तोबरा भरला की दिवसभर त्याच्या पाठीला दुसरा, तिसरा, पंचविसावा. बोलायचं म्हणजे आधी उठून थुंकायला जायला हवं, आणि एवढे कष्ट घ्यावेत असं जगात बोलण्यासारखं असतं तरी काय? 'उं' म्हणजे हो, 'उंहूं' म्हणजे नाही आणि भुवया वर गेल्या म्हणजे जेवायला काय. दॉ प्वा सांगायची, "घरात तोंडं दोन, त्यातलं एक कायमचं भरलेलं. मग दोघांच्या वाटणीचं मलाच नको का बोलायला?"

नवं वर्ष लागायला महिनाभर होता तेव्हा त्या भरलेल्या गालाच्या आत एक पांढरा डाग निघाला. तिखट लागलं की झोंबायचा. दॉ प्वाने नवऱ्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, पण तिने बॅटरी मारून नीट बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, अजून नुसताच डाग आहे. पान सोडा, वाचलात. नाही सोडलंत तर पुढच्या खेपेला मी इतक्या गोडीत बोलणार नाही."

"उं," ऊ पो तुन म्हणाला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवरून तीन पानं बांधून घेतली.

तेव्हापासून दॉ प्वाने जी टकळी लावली ती तीन आठवडे. जेवताना पान, झोपताना पान, आंघोळीला गेला तर न्हाणीच्या दाराबाहेरून पान. शिव्या झाल्या, विनवण्या झाल्या, शेजारच्या गल्लीतल्या मेलेल्यांची यादी झाली. शेवटी एका सकाळी भर गिऱ्हाइकांत ऊ पो तुन गाड्यामागून उठला. गटारापाशी गेला. थुंकला. पाण्याने चूळ भरली. बाजार बघतच राहिला, कारण हा माणूस चूळ भरतोय म्हणजे भाषण होणार.

"मा प्वा," तो म्हणाला, "तू दहा दिवस तोंड मिटून दाखव. मी जन्मभर पान सोडतो."

आणि पुन्हा पान लावून बसला.

बाजार असा हसला की भाजीवाल्यांच्या पाट्या हलल्या. गिऱ्हाइकांत सयामा, म्हणजे मास्तरीणबाई, म्या सेन होती, शाळेतून निवृत्त झालेली, काठीसारखी ताठ बाई. ती दरवर्षी नव्या वर्षाच्या सणात ध्यानकेंद्रात जाऊन बसायची. वाडगा खाली ठेवून ती म्हणाली, "प्वा, माझ्याबरोबर चल. तिथे बोलायला बंदीच असते. मी साक्षीला राहते."

"सयामा, मी? दहा दिवस?"

"घाबरलीस?"

"मी कशाला घाबरू! मी काय पान खाते?" दॉ प्वा म्हणाली. पण पळी हातातल्या हातात राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला भजी घालायची विसरली.

सणाला अर्धं गाव रस्त्यावर एकमेकांवर पाणी ओततं आणि उरलेल्यातलं बरंचसं पापं धुवायला ध्यानाला बसतं. दॉ प्वाने गाडा भाचीच्या, मा एय्च्या, हवाली केला. कालवणाबद्दल सहासष्ट सूचना दिल्या, तपकिरी लुंगी आणि खांद्यावरचा तपकिरी पंचा बांधून घेतला, आणि नदीकाठच्या केंद्रात जाऊन आठ शिलं घेतली. खोटं बोलायचं नाही, दुपारनंतर खायचं नाही, वगैरे. मौन तर होतंच. फक्त दिवसाआड सयाडोंपुढे, म्हणजे केंद्राच्या थोरल्या भिक्खूंपुढे, बसून काय काय जाणवलं ते सांगायचं, तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं. पैजेतही तेवढी सूट ठरली होती.

सयाडोंनी रीत समजावली. पोटाकडे लक्ष द्यायचं. वर आलं की मनात म्हणायचं, 'फुगलं'. खाली गेलं की 'बसलं'. मध्ये खाज आली तर 'खाज, खाज'. दुखलं तर 'दुखतंय, दुखतंय'. विचार आला तर त्याच्यामागे जायचं नाही, नुसतं 'विचार, विचार' म्हणायचं आणि परत पोटाकडे.

हात्तिच्या, दॉ प्वाला वाटलं. एवढंच?

डोळे मिटले. फुगलं. बसलं. फुगलं. मा एय् केळीचा गाभा सोलते की नुसता चिरते? दोरे राहिले तर गिऱ्हाइकाच्या दातात जातात. त्या फेरीबोटवाल्याच्या दातात गेला होता तेव्हा तो... अरे! विचार, विचार. फुगलं. फेरीबोटवाल्याची दुसरी बायको मात्र गोरीपान, कुठनं आणली देव जाणे, सगाईंगची म्हणतात, पण... विचार, विचार, विचार! बसलं. आता गुडघा. गुडघ्यात कुणीतरी गिरमिट घालून फिरवत होतं. दुखतंय, दुखतंय. नाकपुडीपाशी माशी. खाज, खाज, मेलं खाज.

तासाची घंटा झाली तेव्हा तिच्या हिशेबाने अडीच तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र हॉलमध्ये काही चमत्कारिक घडायला लागलं. दॉ प्वाच्या नाकाला खाज सुटली की शेजारची बाई नाक खाजवी. दुपारी तिच्या पोटात कावळे ओरडले, तिने 'भूक, भूक' अशी नोंद केली, आणि बायकांच्या तीनही रांगांतून पोटं गुरगुरली. कुणीतरी फिसकन हसलं. 'ऐकू येतंय, ऐकू येतंय,' दॉ प्वाने शिस्तीत नोंद केली. कुणीतरी आणखीन हसलं. ती आपल्या साधनेवर खूष होती. एवढं एकाग्र आपलं मन होईल असं तिला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सयाडोंपुढे पाळी आली. ती गुडघे टेकून बसली आणि मागूर माशापासून सुरुवात केली.

"मासा नको," सयाडो म्हणाले. ते म्हातारे होते, कान मोठे आणि बोलणं हळू. "काय जाणवलं ते सांग."

"सगळं जाणवतंय, सयाडो. एकही सुटत नाही. मनातल्या मनात पटापट नोंद होते."

"मनातल्या मनात?"

"हो तर."

ध्यानाला बसलेल्या प्रत्येकाला सयाडो 'योगी'च म्हणायचे. "योगी, आज सकाळी तू मनातल्या मनात म्हणालीस, 'बामाचा वास, बामाचा वास. सयामाचा बाम. सयामाची कवळी रात्री वाटीत असते. विचार, विचार.'"

"तुम्हाला मनातलं कळतं?"

"मला नाही कळत. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. सयामा म्या सेनने चिठ्ठी पाठवली आहे."

दॉ प्वाने तोंडावर पंचा घेतला. तीन दिवस! तीन दिवस आपण नाक, गुडघा, भूक, फेरीबोटवाल्याची बायको, सगळं वाचून दाखवत बसलो होतो. गाड्यावर बारा वर्षं जो विचार आला तो तोंडाने बाहेर गेला, मधे दार असं नव्हतंच, ते आता आयत्या वेळी कुठून बसवायचं?

"सयाडो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मग पैज गेली का? माझ्या नवऱ्याचं, को पोचं, पान सुटायला हवं. त्याच्या गालात..."

"पैजेतलं मला कळत नाही," सयाडो म्हणाले. "तू कुणाशी बोलत नव्हतीस, म्हणून मौन मोडलं असं मी म्हणणार नाही. पण शेजाऱ्यांचं ध्यान मोडतंय. ओठ हलले की तेही बघ. आणि एक सांगू? तू नावं फार घाईने देतेस. नाव बरोबर दिलं की ती गोष्ट थोडी थांबते, दिसते. चुकीच्या नावाने हाक मारलीस तर ती वळून कशाला बघेल? पुन्हा पुन्हा येत राहील."

तिसऱ्या दिवसानंतर दॉ प्वाने जे युद्ध केलं त्याला तोड नाही. जीभ टाळूला दाबून धरली. ओठ दातांत पकडले. तरी मधूनच 'ओठ हलताहेत, ओठ हलताहेत' असं तोंडून निसटायचं आणि पुढच्या रांगेतली बाई खांदे उडवून हसायची. चालताना 'उचललं, नेलं, ठेवलं' करत ती कासवाच्या गतीने आंब्याखालून जायची. रस्त्यावरून सणाची गाणी नि पोरांचा ओरडा आत यायचा, घामाने पाठ चिकट व्हायची. पाचव्या दिवसापर्यंत ओठ बरेच शांत झाले. निदान हॉलमध्ये.

त्याच दिवशी गुडघ्याचीही एक गंमत झाली. नेहमीसारखं गिरमिट सुरू झालं. तिने पाय हलवला नाही, नुसती बघत राहिली. दुखतंय. कुठे? वाटीच्या खाली. दुखतंय म्हणजे काय होतंय? जवळ जाऊन बघितलं तर ते एकसंध दुखणं नव्हतंच. एक चटका, मग टोचणी, मग नुसतं गरम, मग थोडा वेळ काहीच नाही, मग दुसरीकडे चटका. उकळत्या टोपात बुडबुडे फुटावेत तसं. ती बघता बघता इतकी रंगली की गुडघा दुखत होता हेच विसरली, आणि घंटा झाल्यावर तिला चुटपुट लागली.

विचारांचंही तेच. जवळ गेल्यावर दिसलं, मा एय्चा विचार आला की त्याच्या शेपटीला नवऱ्याचा विचार असायचा. फेरीबोटवाल्याचा आला तरी शेवटी नवराच. तिथे पोचलं की ती घाईने 'राग, राग' म्हणून पुढे सटकायची. कारण राग होताच! म्हातारा ऐकत नाही, तीन पानं बांधून घेतो, 'उं' म्हणतो. राग नाही तर काय? पण राग म्हटल्याने ते जाईना. दिवसातून शंभरदा यायचं, डासासारखं, कानापाशी.

सहाव्या दिवशी दुपारी ते पुन्हा आलं आणि दॉ प्वा थांबली. सयाडोंचं म्हणणं आठवलं. हे रागासारखं गरम नव्हतं. छातीत मधोमध गार होतं, नि पोट फुगायचं अर्ध्यावर अडत होतं. तिने चाचपडत एक नाव दिलं. भीती.

पोट एकदम खाली बसलं. डोळ्यांतून पाणी आलं, तिने ते पुसलं नाही. 'ओलं, ओलं,' एवढीच नोंद केली. अडतीस वर्षांत नवऱ्याशी ती काय काय बोलली होती, पण हा शब्द त्यात नव्हता.

इकडे ऊ पो तुनची झोप उडाली होती. घर चिडीचूप. शिवाय रोज बातमी, म्हातारी टिकलीय. सहा दिवस, सात दिवस. पानटपरीवाली त्याच्याकडे अशी बघायला लागली, जसा काही तो कायमचा परगावी निघालाय. तेव्हा आठव्या दिवशी त्याने ढोलवाल्यांच्या आळीकडून योग्यांना जेवण द्यायचं ठरवलं. पुण्याचं काम, त्याला कोण नाही म्हणणार? पण मोहिंगा मुद्दाम बायकोच्याच गाड्यावरचा नेला, आणि सोबत गालात ताजं पान.

अकराच्या सुमाराला योगी जेवायला निघाले. आधी भिक्खू, मग पुरुष, मग बायका. डोळे जमिनीकडे, पावलागणिक नोंद. दान देणारे दुतर्फा हात जोडून उभे. दॉ प्वा रांगेत मधे, तिच्या मागे सयामा म्या सेन. ऊ पो तुनने हनुवटी वर करून रस सांभाळला आणि हळूच म्हणाला, "मा प्वा, मा एय्ने कालवणात नारळाचं दूध घातलंय."

मोहिंग्यात नारळाचं दूध! आळीतल्या दोघातिघांनी कानांना हात लावले.

दॉ प्वाचं पाऊल हवेत थांबलं. ओठ हलले. "ऐकू येतंय, ऐकू येतंय."

ऊ पो तुनचे डोळे चमकले. बोलली! सगळ्यांदेखत बोलली! त्याने आणखी पुढे वाकून म्हटलं, "गिऱ्हाइकं म्हणतात, तुझ्यापेक्षा बरं झालंय."

"राग, राग." पाऊल टेकलं. "उचललं. नेलं."

ढोलवाले एकमेकांना ढोसायला लागले. तेवढ्यात ती बरोबर त्याच्यासमोर आली. नजर खालीच होती, त्यामुळे तिला त्याचा चेहरा नाही, नुसती पावलं दिसली, नि चपलेच्या पट्ट्यावर पडलेला पानाचा लाल थेंब.

"दिसतंय, दिसतंय," ती पुटपुटली. मग आवाज आणखी बारीक झाला. "भीती. भीती. को पोच्या गालात डाग. भीती." आणि मग, "ठेवलं. उचललं," करत ती पुढे निघून गेली. आपण तोंडाने बोललो याचा तिला पत्ता नव्हता.

ऊ पो तुन हात जोडून तसाच राहिला. गिळायचं राहिलं, थुंकायचं राहिलं. पानाचा रस हनुवटीवरून ओघळून पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. कुणीतरी म्हणालं, "जिंकलास की रे पो तुन!" त्याने ऐकलंच नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तो वाढत राहिला आणि मग नदीवर सदरा धुवायला गेला तो तासभर तिथेच.

दहाव्या दिवशी मौन सुटलं. दॉ प्वाच्या आनंदाला उधाण आलं होतं. तिने सयामाचे पाय धरले. "सयामा, कवळीचं माफ करा. पण झाले की नाही दहा दिवस? आहात ना साक्षीला?"

सयामा म्या सेनने कवळीचं माफ केलं होतं, पण शाळामास्तरीण ती शाळामास्तरीणच. "प्वा," ती म्हणाली, "परवा जेवणाच्या रांगेत तू बोललीस. नवऱ्यासमोर. अख्ख्या आळीने ऐकलं." आणि काय काय बोलली ते अक्षरन् अक्षर सांगितलं.

दॉ प्वा मट्कन आंब्याखाली बसली. म्हणजे हरलो. म्हातारा पान खात राहणार. आणि वर त्याला ते कळलं, जे कुणाला सांगायचं नव्हतं. डोक्यात आलं, म्हणावं, 'नाही बोलले, तुमचे कान वाजले.' पण शिलं अजून सोडायची होती, आणि खरं सांगायचं तर या दहा दिवसांत खोटं नाव देण्याची तिची सवयच मोडली होती.

ऊ पो तुन सायकलरिक्षा घेऊन दारात आला. दॉ प्वा समोर जाऊन उभी राहिली, नि सगळ्यांदेखत म्हणाली, "को पो, मी हरले. मी बोलले."

"कोण म्हणतं?" ऊ पो तुन म्हणाला.

सगळे चमकले. गाल सपाट होता. तोंडात काहीच नव्हतं.

"सयामा म्हणतात. आळी म्हणते."

"आळीला काय अक्कल! मी एक हात अंतरावर उभा होतो, मला नाही का ऐकू आलं असतं? तू बोलली नाहीस. मी हरलो. दोन दिवस पान बंद आहे, डोकं असं ठणकतंय की त्यात ढोल वाजतोय."

"अहो, पण मी बोलले! खोटं सांगून मला जिंकवू नका. शिलं घेतलेली आहेत मी!"

"शिलं तू घेतलीस, मी नाही!"

रिक्षावाल्याने पेडल मारलं. रस्ताभर भांडण. ऊ पो तुन बोलत होता. तो ढोलवाल्यांवर बोलला, सयामावर बोलला, पानटपरीवालीच्या दरांवर बोलला, दुष्काळानंतर पडलेल्या पावसासारखं अडतीस वर्षांचं तुंबलेलं सगळं ओतत होता, आणि दॉ प्वाला मधे एक शब्द घालायला फट मिळेना. "पण मी..." "पण अहो..." एवढंच. घराच्या कोपऱ्यावर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हे बघ मा प्वा. कोण हरलं ते ठरेपर्यंत मी पानाला हात लावणार नाही. आधी हे ठरू दे."

दॉ प्वाच्या जिभेवर आलं होतं, 'बरं बाबा, तुम्ही हरलात, झालं?' भांडण तिथेच मिटलं असतं. ते ओठांपर्यंत आलं, तिने ते नीट बघितलं, आणि गिळलं.

"मी हरले," ती ठासून म्हणाली. "सयामा साक्ष आहेत."

"अजिबात नाही!"

याला आता सहा वर्षं झाली. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी बॅटरी मारून बघते आणि गोडीतच बोलते. मोहिंग्याच्या गाड्यामागून मात्र हल्ली दोन आवाज येतात. ढग दाटून आले, हवा गार झाली, की ऊ पो तुन बोलता बोलता गप्प होतो आणि नजर कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळते. दॉ प्वा पळी ढवळत असते, मान वर करत नाही.

"काही म्हणा," ती मोठ्याने म्हणते, "मी बोलले होते हो त्या दिवशी."

"नव्हतीस बोलली!" म्हातारा उसळतो, आणि मग अर्धा तास त्याला टपरीची आठवण राहत नाही.